अँटीव्हायरस कोणता घ्यावा, याआधीचे प्रश्न

नवा लॅपटॉप घेताना गिऱ्हाइकाचा शेवटचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो : अँटीव्हायरस कोणता टाकू? दुकानदार एखादा खोका पुढे सरकवतो, वर्षाचा घ्यायचा की तीन वर्षांचा एवढी घासाघीस होते, आणि सुरक्षेचा विषय तिथेच मिटतो. पुढची पाच-सात वर्षे त्याच यंत्रावर घरातल्यांची बँक चालते, आयकराचे विवरण भरले जाते, मुलांचे प्रकल्प, लग्नाचे फोटो, खरेदीखताच्या नि सातबाऱ्याच्या स्कॅन केलेल्या प्रती साठत जातात. हा सगळा ऐवज एका खोक्याच्या भरवशावर असतो. घरगुती विंडोज संगणकापुरते बोलायचे तर माझे मत स्पष्ट आहे : अँटीव्हायरसच्या निवडीला आपण देतो तितके महत्त्व आता उरलेले नाही. पैसा आणि लक्ष दोन्ही दुसरीकडे वळवायला हवे.

हा प्रश्न आपल्याकडे इतका पक्का का रुजला, याला कारण आहे. १९८६मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांचा ‘ब्रेन’ फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसून देशोदेशी फिरला. आयबीएम पीसीवरचा हा पहिला विषाणू मानला जातो. पुण्यात कैलास काटकरांच्या दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या संगणकांत विषाणूंनी बिघडलेले संगणक पुष्कळ असत. धाकटे बंधू संजय यांनी ते साफ करणारे प्रोग्राम लिहिले आणि नव्वदच्या दशकात त्यांतून क्विक हील उभे राहिले. २०१६मध्ये ही कंपनी शेअर बाजारात उतरली. महाराष्ट्रातल्या गल्लीबोळांतल्या दुकानांत त्यांचे खोके दिसतात, त्यामागे हा इतिहास आहे.

विंडोज एक्सपीच्या काळात तो खोका खरोखर लागत असे. विंडोजमध्ये स्वतःचा अँटीव्हायरस नव्हता आणि पेन ड्राइव्ह लावला की ‘ऑटोरन’मुळे त्यातला प्रोग्राम आपसूक चालू व्हायचा. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला दिलेला पेन ड्राइव्ह घरी आणावा आणि सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले दिसावेत, हा अनुभव त्या पिढीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आहे. पुढे परिस्थिती पालटली. २००९मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘सिक्युरिटी इसेन्शियल्स’ फुकट दिले, फेब्रुवारी २०११मध्ये पेन ड्राइव्हचे ऑटोरन बंद करणारा अपडेट जुन्या विंडोजवरही पाठवला, आणि २०१२च्या विंडोज ८पासून डिफेंडर हा पुरा अँटीव्हायरस विंडोजबरोबरच येऊ लागला. आज नवा संगणक चालू केल्या क्षणी त्यात अँटीव्हायरस असतोच. दुकानातला प्रश्न मात्र जुनाच राहिला.

डिफेंडर पुरेसा आहे का? याचे उत्तर जाहिरातींत शोधू नये. जर्मनीतील माग्देबुर्गची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्था वर्षानुवर्षे चाचण्या घेऊन निकाल खुले करतात. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि खोट्या इशाऱ्यांचा त्रास अशा तीन अंगांना प्रत्येकी ६ गुण देते. एके काळी या यादीत तळाशी असलेला डिफेंडर गेली काही वर्षे १८पैकी १८च्या आसपास गुण मिळवतो. पहिल्या दहा उत्पादनांत संरक्षणाचा फरक इतका बारीक असतो की एका महिन्याचा पहिला पुढच्या फेरीत पाचवा येतो. त्यावरून ‘सर्वोत्तम’ ठरवण्यात अर्थ नाही.

तरी दोन उणिवा सांगायलाच हव्यात. एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज इंटरनेट तोडून चाचणी घेते तेव्हा डिफेंडरची ओळखण्याची ताकद ठळकपणे घटते, कारण त्याचा बराचसा निवाडा मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर होतो. जिथे नेट येऊन-जाऊन असते आणि फायली पेन ड्राइव्हवरून फिरतात, अशा गावातल्या सेवा केंद्राला किंवा डीटीपीच्या दुकानाला हा फरक जाणवू शकतो. दुसरे म्हणजे, जुन्या हार्ड डिस्कच्या संगणकावर मोठ्या फायली हलवताना तो यंत्र मंदावतो. ज्यांना अडचण आली की फोनवर आपल्या भाषेत बोलणारे माणूस हवे आहे, त्यांनी विकतचे घेण्यातही मला गैर वाटत नाही. एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसाला त्या मदतीची किंमत फार असते. बाकी घरांना डिफेंडर पुरतो. त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘टँपर प्रोटेक्शन’ चालू आहे ना ते पाहावे. खंडणीखोर प्रोग्रामांना फोटो-कागदपत्रांच्या फोल्डरांत हात घालू न देणारा ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ मुळात बंद असतो, तो चालू करावा. आणि लॅपटॉपबरोबर आलेल्या फुकट चाचणी-अँटीव्हायरसची मुदत संपली असेल तर तो काढून टाकावा. तो निघाला की डिफेंडर आपोआप कामाला लागतो. दोन अँटीव्हायरस एकत्र ठेवू नयेत, ते एकमेकांच्याच कामात अडथळे आणतात.

यापेक्षा मोठा प्रश्न विश्वासाचा आहे, आणि त्यावर आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. अँटीव्हायरस प्रत्येक फाइल वाचतो, प्रत्येक संकेतस्थळ पाहतो आणि संगणकातले सर्वोच्च अधिकार बाळगतो. घराच्या सगळ्या किल्ल्या ज्याच्याकडे द्यायच्या त्या पहारेकऱ्याची चौकशी आपण करतो का? जानेवारी २०२०मध्ये उघड झाले की अवास्ट ही कंपनी आपल्या ग्राहकांनी नेटवर काय काय पाहिले याची माहिती गोळा करून ‘जंपशॉट’ या उपकंपनीमार्फत विकत होती. बोभाटा झाल्यावर जंपशॉट बंद झाली, आणि फेब्रुवारी २०२४मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अवास्टकडून १ कोटी ६५ लाख डॉलर वसूल करण्याची कारवाई केली. अवास्ट, एव्हीजी, अविरा आणि नॉर्टन ही चारही नावे आता जेन डिजिटल या एकाच कंपनीच्या छत्राखाली आहेत. दुकानात चार खोके वेगळे दिसतात, मालक एकच असतो.

कॅस्परस्कीची हकीकत वेगळ्या प्रकारची आहे. विषाणू पकडण्यात ही रशियन कंपनी कायम वरच्या रांगेत राहिली. तरी जून २०२४मध्ये अमेरिकेने राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन तिथली विक्री आणि अपडेट थांबवण्याचा हुकूम काढला. त्या सप्टेंबरात अनेक अमेरिकी ग्राहकांच्या संगणकांवरून कॅस्परस्की स्वतःहून निघून गेला आणि त्याच्या जागी ‘अल्ट्राएव्ही’ नावाचा अनोळखी प्रोग्राम येऊन बसला. कंपनीने ईमेल पाठवली होती, पण कित्येकांना काय चालले आहे ते कळलेच नाही. अँटीव्हायरसला किती अधिकार असतो, हे यातून दिसते. आपल्या मुंबईच्या ई-स्कॅनचे उदाहरण तर अधिक अस्वस्थ करणारे आहे. त्याचे अपडेट कूटबद्ध नसलेल्या जोडणीवरून येत होते. हल्लेखोरांनी वाटेतच अपडेट अडवून त्यांच्या जागी ‘गुप्तीमायनर’ हा आपला प्रोग्राम घुसवला. २०२४च्या एप्रिलमध्ये अवास्टच्या संशोधकांनी हे प्रसिद्ध केले. तोवर, दोष कळवल्यावर, ई-स्कॅनने तो दुरुस्त केला होता. ज्या मार्गाने औषध यायचे त्याच मार्गाने रोग आला. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले आणि विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले, तेही सुरक्षेच्याच प्रोग्राममुळे. ते उत्पादन कंपन्यांसाठीचे होते, घरगुती नव्हते. पण संगणकाच्या गाभ्यापर्यंत पोचणारा प्रत्येक जादा प्रोग्राम ही एक जादा जोखीम असते, हे घरालाही तितकेच लागू आहे. म्हणून विकतचे घ्यायचेच तर कंपनीचे उत्पन्न कशावर चालते, ती माहितीचे काय करते आणि चूक झाल्यावर ती कशी वागली, हे आधी पाहावे. विंडोज ज्यांचे आहे त्यांच्यावर विश्वास ठेवण्यावाचून आपल्याला तसाही पर्याय नाही. आणखी एकाला आत घ्यायला सबळ कारण हवे.

आता धोका येतो कुठून, याकडे वळू. आपल्या भागात त्याची सर्वांत रुंद वाट आजही ‘क्रॅक’ हीच आहे. विंडोजचा ॲक्टिव्हेटर, फोटोशॉप, कोरलड्रॉ, मराठी टंकलेखनाचे पॅकेज, हिशेबाचे सॉफ्टवेअर, सगळ्यांच्या फुकट्या आवृत्त्या पेन ड्राइव्हवरून हातोहात फिरतात. त्यांबरोबर येणाऱ्या सूचनांची पहिली ओळ बहुतेक वेळा असते : आधी अँटीव्हायरस बंद करा. ती ओळ पाळणाऱ्याला कोणताच खोका वाचवू शकत नाही. ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ नावाने ओळखले जाणारे खंडणीखोर प्रोग्रामांचे कूळ प्रामुख्याने याच मार्गाने घरगुती संगणकांत शिरले आणि फोटोंपासून परीक्षेच्या नोट्सपर्यंत सगळे कुलूपबंद करून गेले. मला याची चीड येते ती अशासाठी, की यातली निम्मी गरज आता उरलेलीच नाही. २०१९पासून विंडोज १०मध्ये मराठीचा फोनेटिक कळफलक अंगभूत आहे, युनिकोडमध्ये टंकायला एक पैसा लागत नाही. लिब्रेऑफिस, गिंप, इंकस्केप, पुस्तकाच्या मांडणीसाठी स्क्रायबस, ही सगळी अधिकृतपणे मोफत आहेत. ‘विंडोज टाकून देतो’ म्हणणाऱ्या दुकानदाराला परवाना खरा आहे का, हे विचारायला संकोचू नये.

दुसरी वाट शोधयंत्रातल्या जाहिरातींची. एखादे लोकप्रिय मोफत सॉफ्टवेअर शोधले की वरची ‘प्रायोजित’ ओळ हुबेहूब खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खोट्या पानावर नेते. डिसेंबर २०२२मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने याबद्दल इशारा देताना जाहिराती अडवणारे एक्स्टेन्शन वापरण्याची शिफारस केली. सरकारी तपास यंत्रणेने असे सुचवणे बोलके आहे. रेमंड हिल यांचे मोफत ‘यूब्लॉक ओरिजिन’ मी सुरक्षेचेच साधन मानतो आणि विकतच्या अँटीव्हायरसच्या आधी ते सुचवीन. क्रोमच्या नव्या नियमांमुळे तिथे त्याची ‘लाइट’ आवृत्तीच चालते, फायरफॉक्सवर पूर्ण चालते.

तिसरी वाट नवी आहे आणि फार सोपी दिसते. ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करा’ असे पान येते, आणि चित्रे निवडायला सांगण्याऐवजी विंडोजची कळ आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर, असे सांगते. तोवर त्या पानाने एक आज्ञा क्लिपबोर्डवर ठेवलेली असते आणि आपण ती स्वतःच्या हाताने चालवतो. २०२४पासून ‘क्लिकफिक्स’ नावाची ही युक्ती झपाट्याने पसरली. कोणतेही खरे संकेतस्थळ असे करायला कधीच सांगत नाही. घरातल्या प्रत्येकाला एवढे एक वाक्य जरी सांगून ठेवले तरी पुष्कळ झाले.

या वाटांनी जे आत येते ते पूर्वीसारखे पडदा काळा करून दहशत घालत नाही. ‘इन्फोस्टीलर’ म्हणजे माहितीचोर प्रोग्राम काही मिनिटांत ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड आणि लॉगिन टिकवून ठेवणाऱ्या कुकीज उचलतात आणि निघून जातात. त्यांतल्या ‘लुमा’ या एका कुळाविरुद्ध मे २०२५मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि युरोपोलने कारवाई केली, तेव्हा दोनच महिन्यांत त्याने ३ लाख ९४ हजार विंडोज संगणक बाधित केल्याचे मायक्रोसॉफ्टने सांगितले. कुकी चोरीला गेली की ओटीपीही आड येत नाही, कारण चोर आधीच उघडलेल्या दारातून आत शिरतो. मार्च २०२३मध्ये दीड कोटीच्या आसपास सदस्य असलेली ‘लायनस टेक टिप्स’ ही यूट्यूब वाहिनी अशीच पळवली गेली. प्रायोजकाचा प्रस्ताव म्हणून आलेली पीडीएफसारखी दिसणारी फाइल एका कर्मचाऱ्याने उघडली, एवढेच घडले होते. तंत्रज्ञानावरच बोलणाऱ्या लोकांचे हे झाले. फाइलचे खरे आडनाव, म्हणजे नावाच्या शेवटचे एक्स्टेन्शन, विंडोज मुळात लपवून ठेवते, ते दाखवण्याची सोय फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये आहे. मे २०००मधले ‘आय लव्ह यू’चे प्रेमपत्रही याच लपलेल्या आडनावाचा फायदा घेऊन जगभर गेले होते. पंचवीस वर्षांत ती सेटिंग बदललेली नाही, म्हणून आपणच बदलावी.

अपडेटचा कंटाळा हा आपला जुना दोष. १२ मे २०१७ला ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रामने सुमारे दीडशे देशांत धुमाकूळ घातला, तेव्हा त्याने वापरलेली फट बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता. बाधितांत बहुतेक विंडोज ७ होते, म्हणजे अपडेट मिळणारे, पण न घेतलेले. पुढच्याच महिन्यात २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आला, आणि न्हावा शेवाच्या जेएनपीटीतल्या एका टर्मिनलचे काम ठप्प होऊन कंटेनरांच्या रांगा लागल्या. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटलेली ही साथ उरणच्या किनाऱ्यापर्यंत पोचली.

आज या बाबतीतला सर्वांत निकडीचा प्रश्न विंडोज १०चा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला त्याची नियमित मुदत संपली. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा अपडेट घेता येतात, आणि मायक्रोसॉफ्ट खात्याशी सेटिंग जोडली तर त्यासाठी पैसे पडत नाहीत. ज्यांचा संगणक विंडोज ११च्या अटीत बसत नाही, त्यांनी निदान ही नोंदणी करावी. पुढे मिंटसारखे लिनक्स टाकून तेच यंत्र ब्राउझर, ईमेल आणि लेखनासाठी वर्षानुवर्षे चालवता येते. मुदत संपलेल्या विंडोजवर महागडा अँटीव्हायरस घालून बँकेचे व्यवहार करण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

खात्यांविषयी थोडक्यात. रोजच्या वापराचे खाते साधे ठेवावे, ॲडमिनिस्ट्रेटरचे वेगळे. मग काहीही बसवताना पासवर्ड मागितला जातो आणि हात क्षणभर थांबतो. पासवर्ड दर महिन्याला बदलण्याची जुनी शिकवण अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१७मध्येच सोडली. लांबी हवी आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा हवा. ते माणसाच्या स्मरणशक्तीबाहेरचे आहे, म्हणून बिटवॉर्डन किंवा कीपास यांसारखी पासवर्ड-तिजोरी वापरावी. ट्रॉय हंट यांच्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या संकेतस्थळावर आपला ईमेल कोणत्या गळतीत सापडला ते मोफत कळते. सर्वांत जपायचे ते ईमेलचे खाते, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात.

बॅकअपबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवे, कारण बाकी सगळे फसले की तोच उरतो. अनेकांना वाटते की गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हमध्ये फायली आहेत म्हणजे बॅकअप झाला. ही व्यवस्था संगणकातला प्रत्येक बदल तिकडे तसाच्या तसा उतरवते. खंडणीखोराने फाइल कुलूपबंद केली की तिकडची प्रतही कुलूपबंद होते. जुन्या आवृत्त्या काही दिवस मिळतात, पण त्यांवर विसंबून राहू नये. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१चा नियम अजून पक्का आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. घरासाठी याचा अर्थ एक बाह्य हार्ड डिस्क घ्यावी, महिन्यातून एकदा लावून प्रत घ्यावी आणि काढून कपाटात ठेवावी. कायम लावून ठेवलेली डिस्क संगणकाबरोबरच बुडते. दुसरी डिस्क भावाच्या किंवा मुलीच्या घरी असावी. २००५ आणि २०१९चे पूर ज्या शहरांनी पाहिले, तिथे हे वेगळे समजावून सांगायला नको. मधूनमधून एखादी फाइल त्या डिस्कवरून उघडूनही पाहावी. नव्या लॅपटॉपची डिस्क बऱ्याचदा आपोआप कूटबद्ध झालेली असते, तेव्हा तिची रिकव्हरी की कागदावर उतरवून दस्तऐवजांच्या फाइलीत ठेवावी, नाहीतर बिघाड झाल्यावर मालकालाच आपले फोटो मिळत नाहीत.

या सगळ्या तटबंदीला वळसा घालणारी फसवणूक फोनवरून येते. बँकेतून किंवा मायक्रोसॉफ्टमधून बोलतो म्हणणारा माणूस एनीडेस्क बसवायला सांगतो, नऊ-दहा आकडी क्रमांक विचारतो, आणि पुढचे सगळे तो स्वतः करतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९मध्येच याबद्दल बँकांना सावध केले होते. एनीडेस्क हे प्रामाणिक सॉफ्टवेअर आहे, त्यामुळे अँटीव्हायरस त्याला हटकत नाही. अशा वेळी घरात कुणाला तरी हाक मारण्याची मोकळीक वडीलधाऱ्यांना वाटली पाहिजे. ‘तुम्हाला काही कळत नाही’ असे ऐकून घेतलेला माणूस पुढच्या वेळी विचारत नाही, आणि फसवणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

इतके करूनही घडलेच, तर क्रम महत्त्वाचा आहे. नेट तोडावे. पैसे गेले असतील तर लगेच बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता येते ती याच थोड्या वेळात. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार दोष ग्राहकाचा किंवा बँकेचा नसून तिसऱ्याचा असेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवले असेल, तर ग्राहकावर भार पडत नाही. ओटीपी स्वतः सांगितला असला तरी कळवल्यानंतरचे नुकसान बँकेचे असते, म्हणून लाजेपोटी एक तासही दवडू नये. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून, आधी ईमेलचा, मग बँकेचा, आणि ‘सर्व ठिकाणांहून बाहेर पडा’ हा पर्याय निवडून, म्हणजे चोरलेल्या कुकीज निकामी होतात. फायली कुलूपबंद झाल्या असतील तर खंडणी भरण्याआधी डच पोलीस, युरोपोल आणि सुरक्षा कंपन्यांनी २०१६मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर त्या कुळाची किल्ली आहे का ते पाहावे. ‘स्टॉप’च्या जुन्या प्रकारांसाठी एम्सिसॉफ्टने २०१९मध्ये मोफत किल्ली काढली होती. आज किल्ली नसेल तर कुलूपबंद फायली तशाच जपून ठेवाव्यात, ती पुढे निघू शकते. संगणक मात्र नुसता ‘स्कॅन करून साफ’ झाला असे मानू नये. डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकावे, अधिकृत ठिकाणाहून उतरवलेले, आणि कपाटातली डिस्क त्यानंतरच जोडावी.